अद्भुताची वाट धारवाडवरून

विज्ञानकादंबरी किंवा अद्भुतकादंबरी वाचायची तर आरंभ कोणत्या पुस्तकाने करावा, हा प्रश्न वाचनाची आवड असलेली मंडळी वारंवार विचारतात. उत्तरादाखल बहुधा 'ह्यूगो' आणि 'नेब्युला' या दोन पाश्चात्त्य पुरस्कारांच्या याद्या पुढे केल्या जातात. त्या याद्या उपयुक्त आहेत आणि या लेखातही त्यांचा विचार पुढे येणार आहे. परंतु मराठी वाचकाने आरंभ तेथूनच करावा असे मुळीच नाही. राष्ट्रीय पातळीवर गौरवले गेलेले, अव्वल दर्जाचे अद्भुत साहित्य मराठीत आहे. त्याचा फार मोठा भाग गोव्याच्या अगदी शेजारी, अनमोडचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या धारवाडात लिहिला गेला आहे.

धारवाडच्या वाङ्मयीन इतिहासात १९७३ हे वर्ष विलक्षण म्हणावे लागेल. त्या वर्षीचा ज्ञानपीठ पुरस्कार साधनकेरीचे कवी द. रा. बेंद्रे यांना 'नाकुतंती' या कन्नड काव्यसंग्रहासाठी, ओडिया कादंबरीकार गोपीनाथ महांती यांच्यासमवेत विभागून मिळाला. त्याच वर्षीचा मराठीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार 'काजळमाया' या कथासंग्रहाला जाहीर झाला. त्याचे लेखक जी. ए. कुलकर्णी हे धारवाडच्याच जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करीत होते. एका मध्यम आकाराच्या गावात, दोन भिन्न भाषांत, एकाच वर्षी दोन राष्ट्रीय सन्मान यावेत, ही घटना कोणत्याही प्रांतात दुर्मीळच. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचे नाव बदलून कर्नाटक असे झाले.

या योगायोगामागे इतिहास आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. पुणे-मुंबईशी असलेला शिक्षणाचा, नाटकांचा आणि ग्रंथव्यवहाराचा संबंध त्यामुळे जुना आणि घनिष्ठ होता. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि वर्गात तिसरी, ही हुबळी-धारवाडच्या अनेक कुटुंबांची रोजची रीत. स्वतः बेंद्रे यांनी कन्नडबरोबर मराठीतही लेखन केले. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांचे गाणे महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने सारख्याच आपुलकीने ऐकले. अशा ठिकाणी राहून मराठीत लिहिणारा लेखक पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून आपोआप काही अंतरावर राहतो. जीएंनी ते अंतर जाणीवपूर्वक जपले. सभा-संमेलने त्यांनी टाळली. सुमारे तीन दशके ते धारवाडात राहिले आणि आजारपणामुळे अखेरच्या काळात पुण्याला गेले. ११ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. अकादमीच्या पुरस्काराबाबत पुस्तकाच्या प्रकाशनकालावरून वाद उपस्थित झाला, तेव्हा त्यांनी तो पुरस्कार परत करून टाकला. म्हणजे मराठीतील सर्वांत महत्त्वाचा 'पुरस्कारप्राप्त' अद्भुतलेखक हा पुरस्कार परत करणारा लेखक आहे. पुरस्कारांच्या याद्या हाती घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

अद्भुत म्हणजे काय?

'काजळमाया'ला कोणी अद्भुतकथांचा संग्रह म्हणून ओळखत नाही. आपल्याकडे अद्भुत म्हटले की पऱ्या, राक्षस आणि बालवाङ्मय आठवते. विज्ञानकथा म्हटली की यंत्रमानव आणि अंतराळयाने. गंभीर साहित्याचे दालन वेगळे आणि ही दालने वेगळी, असा समज दृढ आहे. या समजापायी वाचकाचे मोठे नुकसान होते. त्याच्या भाषेतील उत्तम अद्भुत साहित्य त्याला 'कठीण लेखकाचे पुस्तक' म्हणून भेटते, आणि परभाषेतील उत्तम विज्ञानकादंबरी 'मुलांचे पुस्तक' म्हणून कपाटातच राहते.

हा अडसर दूर करण्यासाठी एक साधी किल्ली पुरेशी आहे. चांगल्या अद्भुत किंवा विज्ञानकथेत लेखक वाचकाकडे केवळ एक अशक्य गोष्ट मान्य करण्याची मागणी करतो. दोन माणसांची शिरे बदलली, असे समजा. पुरुष आणि स्त्री हा कायमचा भेदच नसलेला मानवसमाज आहे, असे समजा. ही एक अट मान्य केली की पुढचे सर्व काही तर्काने आणि मनुष्यस्वभावाने घडत जाते. ती अट वास्तवातला एखादा प्रश्न मोकळा करते, जो नेहमीच्या कथेत सवयीखाली दडून राहिलेला असतो. पुस्तक हाती घेतल्यावर 'यातील अशक्य अट कोणती आणि तिने कोणता प्रश्न उघडा पडला?' एवढे विचारावे. ज्या पुस्तकात अट आहे पण प्रश्न नाही, ते निव्वळ करमणुकीचे. करमणुकीतही काही वावगे नाही. परंतु पुरस्कारप्राप्त म्हणून जी पुस्तके टिकतात, त्यांत प्रश्न असतोच.

जीए : कोठून आरंभ करावा

जीएंचे पहिले संग्रह, 'निळासावळा' (१९५९), 'पारवा' (१९६०), 'हिरवे रावे' (१९६२) आणि 'रक्तचंदन' (१९६६), बहुतांशी सीमाभागातील कुटुंबे, दारिद्र्य, हरवलेली माणसे आणि नियतीचे घाव यांच्या कथा सांगतात. 'काजळमाया'पासून (१९७२) त्यांच्या कथेत दुसरा प्रदेश ठळक होऊ लागतो. कोणत्याही नकाशावर नसलेली नगरे, राजदरबार, वाळवंटे, अनामिक प्रवासी. 'विदूषक' ही त्यातील दीर्घकथा दरबारातील सत्ता आणि सत्य यांचा झगडा मांडते. १९७५ मधील 'रमलखुणा'त 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घकथा आहेत. कादंबरीच्या सर्वांत जवळ जाणारे जीएंचे अद्भुतलेखन ते हेच. 'इस्किलार'मधील स्थळांची आणि माणसांची नावे कोणत्याही ओळखीच्या भाषेतील नाहीत. वाचकाला इतिहास-भूगोलाचा आधार न देता लेखक त्याला थेट नियतीच्या प्रश्नासमोर उभे करतो.

पहिल्यांदाच जीए वाचणाऱ्याने मात्र 'पिंगळावेळ'मधील (१९७७) 'स्वामी' ही कथा घ्यावी. एका प्रवाशाला आदराने एका मठात नेले जाते आणि जमिनीखालच्या जागेत कायमचे ठेवले जाते. तेथे त्याला मान आहे, सुखसोयी आहेत. बाहेर पडण्याची वाट तेवढी नाही. अट एवढीच. तिच्यातून निघणारा प्रश्न कोणाही संसारी माणसाला परका वाटणार नाही: सर्व काही मिळूनही जे हिरावले गेले, त्याचे नाव काय? शेवट येथे सांगणे योग्य नव्हे. तो वाचकाने स्वतः गाठावा. याच संग्रहातील 'ऑर्फियस' आणि 'यात्रिक' या कथा अनुक्रमे ग्रीक पुराणातील गायकाकडे आणि स्पॅनिश साहित्यातील डॉन क्विक्झोटकडे नव्याने पाहतात. ज्यांना लहान लहान रूपककथांनी सवय करायची आहे, त्यांच्यासाठी 'सांजशकुन' (१९७५) आहे. घरातील लहान मुलांसाठी 'बखर बिम्मची' आहे, आणि ती मोठ्यांनीही वाचावी.

जीए अनुवादकही होते, ही बाब फारशी सांगितली जात नाही. आयरिश लेखक जेम्स स्टीफन्स यांची 'द क्रॉक ऑफ गोल्ड' ही १९१२ मधील कादंबरी त्यांनी 'सोन्याचे मडके' या नावाने मराठीत आणली. रानात राहणारे तत्त्वज्ञ, त्यांच्याशी वैर धरणारी भूमिगत बुटकी माणसे, प्राचीन देवता आणि मध्येच येणारे पोलीस, असा तिचा विनोदी आणि गहन संसार आहे. त्या कादंबरीला १९१३ मध्ये इंग्लंडमधील पोलिन्याक पारितोषिक मिळाले होते. पुरस्कारप्राप्त परदेशी अद्भुतकादंबरी उत्तम मराठीत वाचावयाची असेल, तर ती अशी आपल्या जवळच आहे.

त्याच गावातील दुसरी वाट

धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले गिरीश कार्नाड यांनी हीच वाट नाटकातून चालली. त्यांची मातृभाषा कोकणी, लेखनाची भाषा कन्नड आणि प्रकाशनसंस्था बहुतेक वेळा धारवाडची मनोहर ग्रंथमाला. त्यांच्या 'हयवदन'चे (१९७१) बीज कथासरित्सागरातील वेताळाच्या एका कथेत आहे. दोन मित्रांची शिरे चुकून एकमेकांच्या धडांवर बसतात. आता पत्नीचा पती कोणता? वेताळाच्या कथेत विक्रम राजा उत्तर देतो की शिर हे सर्वश्रेष्ठ, म्हणून शिर ज्याचे तोच पती. जर्मन कादंबरीकार थॉमस मान यांनी या निर्णयावर प्रश्नचिन्ह लावणारी लघुकादंबरी १९४० मध्ये लिहिली. कार्नाडांनी तो धागा घेऊन, त्याला घोड्याचे शिर असलेल्या माणसाच्या कथेची जोड दिली आणि माणसाच्या अपुरेपणाचे नाटक उभे केले.

गोव्याच्या वाचकाला यात आणखी एक जवळचे नाव भेटते. 'हयवदन'चा मराठी अनुवाद केला तो वेंगुर्ल्याच्या मातीतले चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच आरती प्रभू यांनी. खानोलकरांची 'कोंडुरा' ही कादंबरी कोकणातील देवचाराच्या श्रद्धेतून, एका मिळालेल्या वराच्या कथेतून, माणसाच्या वासनेचा आणि अपराधभावाचा शोध घेते; तिच्यावर श्याम बेनेगल यांनी चित्रपटही केला. खानोलकरांना १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो मात्र 'नक्षत्रांचे देणे' या कवितासंग्रहासाठी. कार्नाडांना १९९८ चा ज्ञानपीठ मिळाला तो एकंदर साहित्यासाठी.

विज्ञानकथेचा मराठी वारसा

अद्भुताचे दुसरे अंग विज्ञानकथेचे. मराठीत तिला प्रतिष्ठा मिळवून देणारे नाव जयंत नारळीकर यांचे. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तलेले हे खगोलशास्त्रज्ञ कथालेखनात आले ते टोपणनावाने. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत परीक्षकांवर आपल्या कीर्तीचा प्रभाव पडू नये, म्हणून त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून 'नारायण विनायक जगताप' असे नाव घेतले आणि 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. तिला पहिले पारितोषिक मिळाले. 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह आणि 'प्रेषित', 'व्हायरस', 'वामन परत न आला' या कादंबऱ्या आजही आरंभासाठी उत्तम आहेत. 'वामन परत न आला'मध्ये जमिनीखाली दडलेला एका प्रगत, लुप्त संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातील माहितीवरून बुद्धिमान यंत्र घडवले जाते. ज्ञान मिळाले म्हणून ते वापरलेच पाहिजे का, हा त्यातील प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या काळात अधिकच निकडीचा झाला आहे.

नारळीकरांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो २०१४ चा, 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रासाठी. खानोलकरांना कवितेसाठी, नारळीकरांना आत्मचरित्रासाठी; आपल्या मोठ्या पुरस्कारांत विज्ञानकथेला वा अद्भुतकथेला स्वतंत्र स्थान नाही, हे यावरून दिसते. म्हणून मराठीत केवळ पुरस्काराच्या शिक्क्यावर शोध घेतला, तर 'रमलखुणा', 'कोंडुरा' किंवा 'प्रेषित' हाती लागणार नाहीत. लेखकाचे नाव धरून त्याच्या इतर पुस्तकांकडे जावे लागते.

परदेशी पुरस्कार कसे दिले जातात

इंग्रजीत या साहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार आहेत, परंतु ते सर्व एकाच जातीचे नाहीत. 'ह्यूगो' हा १९५३ पासूनचा. 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक १९२६ मध्ये सुरू करणाऱ्या ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या नावाचा हा पुरस्कार जागतिक विज्ञानसाहित्य संमेलनाचे सभासद मतदानाने ठरवतात. म्हणजे तो मुख्यत्वे वाचकांचा कौल. 'नेब्युला' हा १९६५ च्या साहित्यापासून सुरू झाला आणि तो अमेरिकेतील लेखकसंघटनेचे सभासद देतात. म्हणजे तो सहव्यवसायींचा कौल. ब्रिटनमधील आर्थर सी. क्लार्क पुरस्कार १९८७ पासून परीक्षक मंडळ ठरवते. अद्भुतसाहित्यासाठीचा 'वर्ल्ड फँटसी' पुरस्कार १९७५ पासून आहे. वाचक, लेखक आणि परीक्षक यांचे कौल जेथे एकत्र येतात, तेथे पुस्तक सहसा निराश करीत नाही.

या दृष्टीने पाच कादंबऱ्या सुचवता येतील.

पहिली, फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' (१९६५). कादंबरीसाठीचा पहिला नेब्युला तिला मिळाला आणि १९६६ चा ह्यूगो विभागून. अट अशी की संपूर्ण विश्वाचा व्यवहार ज्या द्रव्यावर चालतो, ते एकाच निर्जल ग्रहावर मिळते. साधनसंपत्ती, साम्राज्य आणि धर्मनेतृत्व यांचे नाते त्यातून उलगडते. खाणींचा प्रश्न पाहिलेल्या गोमंतकीय वाचकाला तिचा विषय लगेच कळेल.

दुसरी, उर्सुला ल ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९). ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही. बर्फाळ ग्रहावरील माणसे कायमची स्त्री वा पुरुष नसतात. परग्रहावरून आलेला दूत त्यांना समजून घेताना स्वतःचे पूर्वग्रह पाहू लागतो. अर्धनारीश्वराची कल्पना ज्याच्या परिचयाची आहे, त्या वाचकाला ही कादंबरी परकी वाटू नये.

तिसरी, अमिताव घोष यांची 'द कलकत्ता क्रोमोसोम' (१९९५). तिला १९९७ चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी शोधले, हा इतिहास. त्या शोधामागे प्रयोगशाळेतील अनामिक, उपेक्षित माणसांची एक गुप्त योजना होती, ही घोषांची अट. ज्ञान कोणाचे आणि श्रेय कोणाचे, हा प्रश्न वसाहतीच्या इतिहासातून आलेल्या आपल्या सर्वांचा आहे.

चौथी, चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. केन लिऊ यांच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ चा ह्यूगो मिळाला. अनुवादित कादंबरीला हा मान प्रथमच लाभला. सांस्कृतिक क्रांतीत आपल्या पित्याचा वध पाहणारी एक शास्त्रज्ञ परग्रहवासीयांच्या संदेशाला उत्तर देते. मानवजातीवरचा विश्वास उडालेल्या एका व्यक्तीने सर्वांच्या वतीने निर्णय घ्यावा का?

पाचवी, एन. के. जेमिसिन यांची 'द फिफ्थ सीझन' आणि तिचे पुढील दोन भाग. या त्रयीला २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे ह्यूगो मिळाला. असे यापूर्वी कधी घडले नव्हते. भूकंप थोपवू शकणारी माणसे ज्या समाजाला हवी असतात, तोच समाज त्यांना गुलाम करतो आणि त्यांचा तिरस्कार करतो. ज्याच्या श्रमावर गाव उभे, त्यालाच गावाबाहेर ठेवण्याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

वाचनाचा क्रम

एवढी नावे एकदम पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही. प्रथम 'स्वामी' ही एकच कथा वाचावी. एका बैठकीत ती संपते. नंतर 'हयवदन', तेही एका संध्याकाळचे काम. त्यापुढे 'वामन परत न आला' आणि 'सोन्याचे मडके'. एवढे मराठीत झाल्यावर इंग्रजी वाचण्याची सवय असलेल्याने 'द कलकत्ता क्रोमोसोम'कडे जावे, कारण तिचा भूगोल ओळखीचा आहे. मग ल ग्विन, आणि 'ड्यून'सारखे जाडजूड ग्रंथ सर्वांत शेवटी. 'रमलखुणा'ला मात्र घाई करू नये. जीएंच्या इतर कथांचा सराव झाल्यावरच ते पुस्तक उघडावे आणि पहिल्या वाचनात सर्व समजले नाही तर पुन्हा वाचावे. पाटो-पणजीच्या कृष्णदास शामा राज्य केंद्रीय ग्रंथालयात किंवा गावच्या वाचनालयात यांतील पुस्तकांची मागणी नोंदवावी. मागणी झाली नाही, तर ही पुस्तके विकत घेतली जात नाहीत, आणि विकत घेतली गेली नाहीत, तर त्यांच्या नव्या आवृत्त्याही निघत नाहीत.

सीमाभागातील मराठीचा विचार आपण बहुधा राज्यांच्या सीमा, शाळा आणि पाट्या यांच्या संदर्भात करतो. तो विचार आवश्यक आहे. परंतु त्याच सीमाभागात, कन्नड गावात राहून, एका प्राध्यापकाने मराठीला कोणत्याच राज्यात नसलेले प्रदेश मिळवून दिले, ही मिळकतही मोजली पाहिजे. ती सरकारी कागदावर नोंदली जात नाही. वाचणारा असला, तरच ती राहते.